‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा अभ्यास: अलंकार, आशयसूत्रे आणि पात्रे एकत्र कशी वाचावीत

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ नेमलेले आहे आणि आपण अलंकार, आशयसूत्रे व पात्रचित्रण अशी तीन स्वतंत्र टिपणे काढली आहेत. तरीही उत्तर लिहायला घेतले की त्याची यादी होते. ‘ही शोकांतिका नशिबामुळे घडते की पात्रांच्या उतावीळपणामुळे’ या प्रश्नावर आपले मत कधी इकडे, कधी तिकडे झुकते. या दोघांचे गुप्त लग्न लावणाऱ्या फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूला दोषी धरावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. हे नाटक मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवत आले आहे आणि विद्यार्थ्यांकडून त्याची प्रकट वाचनेही करून घेतली आहेत. त्या अनुभवाच्या आधाराने सविस्तर लिहिते.

माझ्या मते आपली खरी अडचण टिपणांच्या कमतरतेची नाही, ती टिपणांच्या विभागणीत आहे. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरून निवेदन करता येते. नाटककाराजवळ मात्र पात्रांचे बोलणे आणि रंगमंचावरच्या हालचाली एवढेच साधन असते. त्यामुळे पात्र कोणती प्रतिमा वापरते, यमक जुळवते की गद्यात बोलते, समोरच्याचे वाक्य पुरे करते की मध्येच तोडते, यातूनच ते पात्र आपल्यापुढे उभे राहते. त्याच्या बोलण्याची रीत बदलली की माणूस बदलला, आणि दोन माणसांच्या बोलण्याच्या रीतींमध्ये जे अंतर पडते त्यातून नाटकाचा आशय आकाराला येतो. म्हणून अलंकार आधी ओळखायचा आणि मग तो कोणत्या ‘थीम’ला जोडता येईल ते शोधायचे, हा क्रम मी सोडून द्यायला सांगते. त्याऐवजी एक प्रवेश घ्यावा आणि त्यात कोण, कोणाशी, काय लपवून बोलत आहे हे पाहावे.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. आपल्या विद्यापीठाची प्रश्नपत्रिका लघुत्तरी असेल तर अलंकाराचे नाव, ओळ आणि परिणाम एवढे नेमके लिहिणे पुरते. दीर्घोत्तरी असेल तर पुढे मी मांडते आहे तशी संगती दाखवावी लागते. आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे यावरही थोडे अवलंबून आहे. या नाटकाची पहिली छापील प्रत 1597 सालची असून ती बरीच आखूड आहे; 1599 ची दुसरी प्रत अधिक पूर्ण आहे आणि आजच्या बहुतेक आवृत्त्या मुख्यतः तिच्यावरच उभ्या आहेत; 1623 च्या एकत्रित नाट्यसंग्रहात तर आरंभीचे प्रास्ताविकच गाळलेले आहे. ओळींचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा संदर्भ देताना अंक आणि प्रवेश सांगावा, ते सर्वांत सुरक्षित.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या नाटकातला सर्वांत महत्त्वाचा अलंकार एखाद्या ओळीत सापडत नाही, तो नाटकाच्या रचनेतच आहे. तो म्हणजे नाट्यात्म उपरोध: प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नसणे. नाटक सुरू होताच निवेदक चौदा ओळींच्या सुनीतात सगळे सांगून टाकतो. व्हेरोना शहर, दोन प्रतिष्ठित घराणी, त्यांचे जुने वैर, त्या घराण्यांत जन्मलेले दोन प्रेमिक आणि त्यांचा मृत्यू. शेवट आधीच कळलेला असल्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता संपते आणि तिची जागा ‘हे कसे होणार, आणि कोणत्या क्षणी टळू शकले असते’ ही अधिक वेदनादायक उत्सुकता घेते. वैराचे कारण मात्र निवेदकही सांगत नाही आणि पुढे पाच अंकांत कोणीही सांगत नाही. विद्यार्थी ते कारण शोधत राहतात. ते नाही, हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण कारण असते तर ते दूर करता आले असते.

प्रास्ताविकाने प्रेक्षकाला सगळे दिले आणि पात्रांना काहीच दिले नाही. पुढच्या पाच अंकांत ही विषमता वाढत जाते. माझ्या वर्गात मी एक साधे काम देते: प्रत्येक महत्त्वाच्या पात्रापुढे त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही एवढेच लिहायचे. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मरतो तेव्हा त्याला रोमिओचे लग्न झाल्याचे ठाऊक नसते; त्याच्या समजुतीप्रमाणे रोमिओ अजून रोझलिनसाठीच, म्हणजे ज्युलिएटला भेटण्याआधी जिच्यावर त्याचे एकतर्फी प्रेम होते तिच्यासाठीच, झुरतो आहे. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट याला ठाऊक नसते की ज्याला तो आव्हान देतो आहे तो तासाभरापूर्वी त्याचा नातलग झाला आहे. कॅप्युलेट दांपत्याला, म्हणजे ज्युलिएटच्या आईवडिलांना, लग्नाचा पत्ताच नसतो. ज्युलिएटच्या दाईला लग्न ठाऊक असते; पॅरिसशी ठरलेले लग्न टाळण्यासाठी फ्रायरने ज्युलिएटला दिलेले, काही काळ मेल्यासारखे भासवणारे गुंगीचे औषध मात्र ठाऊक नसते. रोमिओचा नोकर बाल्थझार ज्युलिएट मेल्याची बातमी मँट्युआला, हद्दपार झालेल्या रोमिओकडे, नेतो ती अगदी प्रामाणिकपणे, कारण त्याने ज्युलिएटला कुटुंबाच्या तळघरात ठेवताना स्वतः पाहिलेले असते. आईवडिलांनी ज्युलिएटसाठी ठरवलेला वर पॅरिस थडग्यापाशी फुले घेऊन येतो आणि आपली वाग्दत्त वधू दुसऱ्याची पत्नी होती हे न कळताच प्राण सोडतो. सगळे धागे फक्त दोघांच्या हाती असतात, एक फ्रायर लॉरेन्स आणि दुसरे आपण प्रेक्षक. हे काम एकदा नीट केले की अर्धे नाटक हाती लागते, कारण एकेका पात्राचे बोलणे त्याच्या अज्ञानाच्या मापाने बेतलेले आहे हे दिसू लागते.

एक प्रवेश जवळून पाहू. पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश, कॅप्युलेटच्या घरची मेजवानी. रोमिओ आणि ज्युलिएट प्रथमच एकमेकांशी बोलतात आणि त्यांचे बोलणे मिळून एक संपूर्ण सुनीत होते. पहिल्या चार ओळी रोमिओच्या: तिचा हात हे पवित्र तीर्थस्थान, आपला हात त्याला विटाळणारा, आणि आपले ओठ म्हणजे लाजून उभे असलेले दोन यात्रेकरू. पुढच्या चार ओळी ज्युलिएटच्या: यात्रेकरूने आपल्या हाताला इतका दोष देऊ नये, संतांच्या मूर्तींनाही हात असतात आणि यात्रेकरूचे हात त्यांना लागतात, तळव्याला तळवा टेकणे हेच त्यांचे चुंबन. तिसऱ्या चतुष्पदीत बोलणे वाटले जाते. तो विचारतो, संतांना आणि यात्रेकरूंना ओठ नसतात का? ती म्हणते, असतात, प्रार्थनेसाठी. तो म्हणतो, मग हातांचे काम ओठांना करू द्यावे. शेवटच्या द्विपदीतली एक ओळ तिची आणि एक त्याची, दोघांचे यमक जुळते आणि चुंबन होते.

येथे ‘रूपक’ एवढे लिहून थांबलेले उत्तर मी नेहमी पाहते. रूपक आहेच, पण ते दोघे मिळून रचतात हे महत्त्वाचे. तो धर्माची प्रतिमा पुढे करतो, ज्युलिएट ती नाकारत नाही आणि निमूट स्वीकारतही नाही, त्या प्रतिमेच्याच शब्दांत त्याला अडवते आणि मग वाट देते. दोन वाचकांकडून हे चौदा चरण मोठ्याने वाचून घेतले की ज्युलिएट या संभाषणात बरोबरीची आहे हे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रोझलिनसाठी झुरणाऱ्या रोमिओला असे उत्तर कधीच मिळाले नव्हते. रोझलिन तर रंगमंचावर येऊन बोलतदेखील नाही. म्हणजे छंद, रूपक, पात्र आणि प्रेमाचे स्वरूप हे चारही मुद्दे या एकाच ठिकाणी हाती येतात.

याच प्रवेशाच्या कडाही पाहाव्यात. सुनीत सुरू होण्याच्या लगेच आधी टिबाल्टने रोमिओचा आवाज ओळखलेला असतो, काका त्याला दटावून गप्प बसवतात आणि आज गोड वाटणारी ही घुसखोरी पुढे कडू विष होईल असे बजावून तो निघून जातो. सुनीत संपल्यावर दोघे दुसरे सुनीत सुरू करतात. त्याच्या चार ओळी होतात न होतात तोच दाई येते आणि आईसाहेब बोलावत आहेत असा निरोप देते. पहिले सुनीत सूडाच्या शब्दानंतर उमलते आणि दुसरे घराच्या हाकेने तुटते. या दोघांना पुढे मिळणाऱ्या आयुष्याचा आराखडा इतक्या छोट्या जागेत, तोही केवळ छंदाच्या आधाराने मांडलेला आहे. मला विचाराल तर संपूर्ण नाटकातील ही सर्वांत कसदार रचना आहे, आणि सज्जाचा प्रसंग अधिक प्रसिद्ध असला तरी परीक्षेसाठी एकच प्रवेश तयार करायचा झाला तर मी हाच सुचवेन.

आता रोमिओ. पहिल्या प्रवेशातला रोमिओ विरोधाभासांची रास घालतो: शिशाचे पीस, उजळ धूर, थंड आग, आजारी आरोग्य, भांडखोर प्रेम आणि प्रेमळ द्वेष. हे त्या काळच्या प्रेमकवितेतले ठरीव साचे आहेत आणि शेक्सपिअरने ते हेतुपुरस्सर त्याच्या तोंडी घातले आहेत. हा तरुण प्रेमाच्या कवितेवर प्रेम करतो आहे, माणूस अजून त्याच्या समोर आलेले नाही. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ज्युलिएट मेल्याची बातमी येते तेव्हा तो एकही अलंकार वापरत नाही. असे आहे तर, ताऱ्यांनो, मी तुम्हाला जुमानत नाही, एवढेच तो म्हणतो आणि लगेच घोडे व शाई-कागद मागवतो. रोमिओच्या विकासावर प्रश्न आला तर ही दोन टोके समोरासमोर ठेवावीत. मधल्या अंतरात काय झाले हे मग सहज सांगता येते.

ज्युलिएटचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या दृष्टीने नाटकाचे खरे बळ तिच्यात आहे. ती अजून चौदा वर्षांचीही झालेली नाही. शेक्सपिअरने ज्या आधारे हे नाटक रचले त्या आर्थर ब्रुकच्या 1562 मधील दीर्घ कवितेत ती सोळा वर्षांची आहे. वय कमी करण्याचा निर्णय शेक्सपिअरचा. आरंभी आई लग्नाबद्दल विचारते तेव्हा त्या मानाचे स्वप्नही मी पाहिलेले नाही, असे ती मोजक्या शब्दांत सांगते. दुसऱ्या अंकात रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागतो, तर ती त्याला थांबवते, कारण चंद्र महिनाभर रूप बदलत राहतो. हा करार फार घाईचा, अविचाराचा, अचानक झालेला, वीज चमकली म्हणेपर्यंत विझून जावी तसा आहे, हेही तीच बोलून दाखवते. आणि उद्या निरोप पाठव, कोठे आणि किती वाजता लग्न करायचे ते कळव, असा व्यवहारही तीच ठरवते. घाईचे भान सर्वांत आधी तिला येते आणि तरीही ती थांबत नाही.

तिच्या भाषेतला मोठा बदल तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात होतो. पहाटे रोमिओ निघून गेला आहे आणि आई आत येते. मुलगी टिबाल्टसाठी रडते आहे असे आईला वाटते आणि ती रोमिओला शिव्याशाप देऊ लागते. ज्युलिएट एकही वाक्य खोटे बोलत नाही, पण प्रत्येक वाक्य दोन अर्थांनी बोलते. रोमिओला पाहिल्याशिवाय मला समाधान लाभणार नाही, असे ती म्हणते आणि त्याला जोडूनच ‘मेलेला’ हा शब्द असा टाकते की तो रोमिओला लावावा की पुढच्या वाक्यातल्या तिच्या हृदयाला, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. आई एक अर्थ घेते, आपण दुसरा. पुस्तकांत याची नोंद ‘श्लेष’ म्हणून होते आणि ती बरोबरच आहे. पण मर्क्युशिओचे श्लेष मित्रांना हसवण्यासाठी असतात आणि ज्युलिएटचे हे श्लेष स्वतःच्या घरात जिवंत राहण्यासाठी. एकच अलंकार दोन पात्रांच्या तोंडी किती वेगळे काम करतो, हे दाखवणारे उत्तर परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

त्याच प्रवेशात थोड्या वेळाने वडील येतात. पहिल्या अंकात हेच कॅप्युलेट पॅरिसला म्हणाले होते की आणखी दोन उन्हाळे जाऊ द्यात, तिची संमती महत्त्वाची. आता ते तिला फाशी जा, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, असे म्हणतात. आई पाठ फिरवते. दाईही, जिने स्वतः निरोप ने-आण केली आणि दोराची शिडी आणली, आता पॅरिसशी लग्न करणेच बरे असा सल्ला देते. त्यानंतर ज्युलिएट कोणालाही मनातले सांगत नाही. त्याच दिवशी फ्रायरच्या कोठडीत पॅरिस भेटतो तेव्हा तिची उत्तरे एकेका ओळीची आणि दुहेरी अर्थाची असतात, आणि औषध पिण्याच्या रात्री हा भीषण प्रवेश मला एकटीलाच वठवायचा आहे, असे ती म्हणते. दाईवरच्या उत्तरात विद्यार्थी तिचा विनोद आणि पाल्हाळ एवढेच लिहितात. तिच्या त्या एका सल्ल्याने ज्युलिएट पूर्ण एकाकी होते, तो मुद्दा आवर्जून यावा.

मर्क्युशिओबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर बरेच लिहिलेले सापडते. तो दोन्ही घराण्यांपैकी कोणाचाच नाही, व्हेरोनावर राज्य करणाऱ्या राजपुत्राचा नातलग आहे. तिसऱ्या अंकापर्यंत हे नाटक रचनेने सुखात्मिकाच आहे: मेजवानी, मुखवटे, आडवा येणारा बाप, बडबडी दाई, मदतीला धावणारा धर्मगुरू, गुप्त लग्न. मर्क्युशिओला रोमिओच्या हाताखालून जखम होते, उद्या मला विचाराल तर मी गंभीर झालेला सापडेन असा थडग्यावरचा श्लेष (इंग्रजीत ‘grave’ म्हणजे गंभीर आणि थडगेही) तो मरता मरता करतो, आणि दोन्ही घराण्यांना शाप देतो. त्याच्याबरोबर विनोद नाटकातून जवळजवळ निघून जातो. नाटकाचा कणा कुठे वळतो असे विचारले तर हा प्रवेश सांगावा.

प्रकाश आणि अंधार यांच्या प्रतिमांविषयी आपण टिपणात ‘प्रकाश म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे द्वेष’ असे लिहिले आहे. ते तपासून पाहावे असे सुचवते. रोमिओच्या तोंडी ज्युलिएट मशालींना तेजाळणे शिकवते, ती पूर्वेचा सूर्य आहे, हे खरे. पण या दोघांना आसरा मिळतो तो रात्रीचा. लग्नाच्या दिवशी ज्युलिएट सूर्याच्या घोड्यांना लवकर मावळतीला पळा म्हणून विनवते. दुसऱ्या पहाटे ओरडतो तो चंडोल की बुलबुल, यावर त्यांचा वाद होतो, कारण चंडोल असेल तर सकाळ झाली आणि सकाळ म्हणजे हद्दपारी किंवा मृत्यू. उजेड वाढतो तसा आपल्या दुःखाचा काळोख वाढतो, असे रोमिओ म्हणतो. या नाटकात उजेड त्यांना एकमेकांमध्ये सापडतो, बाहेरचा उजेड त्यांना उघडे पाडतो. त्या काळी लंडनच्या सार्वजनिक, वरून उघड्या नाट्यगृहांत प्रयोग भर दुपारी होत, म्हणजे रात्र दाखवायला दिवे मालवण्याची सोय नव्हती. ती रात्र मशालींनी आणि शब्दांनीच उभी करावी लागे. हे ध्यानात घेतले की या प्रतिमा सजावटीसाठी नाहीत, त्या रंगमंचावर प्रत्यक्ष काम करतात हे पटते.

आणखी एक प्रतिमा जी आपल्या टिपणांत नाही: मृत्यू हा नवरदेव. मेजवानीतून रोमिओ कोण आहे हे विचारायला दाईला पाठवताना ज्युलिएट म्हणते, तो विवाहित असेल तर थडगे हीच माझी लग्नशय्या. तिसऱ्या अंकात आई संतापाने म्हणते, या मूर्ख मुलीचे थडग्याशीच लग्न लागो. चौथ्या अंकात वडील मृत्यूला जावई म्हणतात आणि लग्नासाठी आणलेली फुले अंत्ययात्रेला वापरायला सांगतात. शेवटी तळघरात रोमिओला वाटते की मृत्यूच तिच्यावर भाळून तिला अंधारात ठेवून बसला आहे. चार वेगवेगळी माणसे, चार वेगळ्या भावना, आणि कोणालाही दुसऱ्याचे वाक्य ठाऊक नाही. पूर्वसूचन म्हणजे केवळ आधी दिलेला इशारा नव्हे हे समजावायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही. आई रागाच्या भरात बोलते ते खरे होते, आणि बोलताना तिच्या मनात तसे काहीही नसते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: प्रेक्षकाला सगळे ठाऊक, पात्रांना तुकडे तुकडे ठाऊक, आणि म्हणून त्यांच्या शब्दांना त्यांच्या नकळत दुसरा अर्थ चिकटतो. हेच सूत्र घेऊन आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, नशीब की उतावीळपणा, याकडे वळू.

प्रथम ताऱ्यांचा आणि दैवाचा उल्लेख कोण करते ते पाहावे. निवेदक करतो, आणि त्याखालोखाल मुख्यतः रोमिओ करतो. टिबाल्टला मारल्यावर मी दैवाच्या हातचे खेळणे झालो, असे तो म्हणतो. पण त्याच्या थोड्याच ओळी आधी संयम सोडून दिला, आता क्रोधच माझा वाटाड्या, असे त्याने स्वतः जाहीर केलेले असते. पात्र आपल्या कृत्याचे जे स्पष्टीकरण देते ते नाटककाराचे मत मानू नये. दुसरीकडे योगायोग नाकारता येत नाहीत. कॅप्युलेटचा नोकर निरक्षर असतो आणि पाहुण्यांची यादी वाचून घ्यायला नेमक्या रोमिओलाच गाठतो. फ्रायर जॉन साथीच्या संशयाने एका घरात कोंडला जातो आणि औषधाची योजना रोमिओला कळवणारे फ्रायर लॉरेन्सचे पत्र मँट्युआला पोचत नाही. तळघरात ज्युलिएट जागी होते ती रोमिओ मेल्यानंतर थोड्याच वेळात.

आता घाई पाहू. ब्रुकच्या कवितेत ही कथा काही महिने चालते. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत आणली. रविवारी सकाळी रस्त्यावर मारामारी, रात्री मेजवानी, सोमवारी लग्न आणि त्याच दुपारी दोन मृत्यू. सोमवारी रात्री उशिरा कॅप्युलेट पॅरिसशी लग्न ठरवताना बुधवार फार जवळ होईल म्हणून गुरुवार धरतात. मंगळवारी मुलगी नमते घेते तेव्हा आनंदाने तेच ते बुधवारवर आणतात. फ्रायरच्या योजनेतला एक दिवस तेथेच जातो. म्हणजे घाई ही केवळ तरुणांची खोड नाही. म्हातारा बापही तितकाच उतावीळ आहे. ‘तारुण्याचा अविचार’ एवढेच लिहिणारे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

लग्न लावण्यापूर्वी फ्रायर रोमिओला बजावतो की असे प्रखर आनंद प्रखरपणेच संपतात, आग आणि तोफेची दारू एकमेकांचे चुंबन घेताच भस्म होतात तसे. पाचव्या अंकात रोमिओ औषधविक्याकडे विष मागतो, तेव्हा तोफेच्या पोटातून पेटलेली दारू सुटावी तसा श्वास शरीरातून सुटावा असे विष दे, म्हणतो. आणि तळघरात तो खरोखर चुंबन घेत मरतो. इशारा म्हणून ऐकलेली प्रतिमा त्याने आपली मागणी म्हणून उच्चारली. येथे नशीब म्हणावे की निवड म्हणावी? माझे मत असे की योगायोग फट पाडतो, उतावीळपणा ती रुंदावतो, आणि दोन्ही प्राणघातक होतात ते वैरामुळे, कारण वैरामुळे कोणालाही उघडपणे बोलता येत नाही. लग्न उघड असते तर मर्क्युशिओ मध्ये पडला नसता, पॅरिसची सोयरीक निघाली नसती, पत्राची गरजच पडली नसती. म्हणून नशीब आणि स्वभाव या दोन बाजूंत तिसरी, म्हणजे वैराने लादलेली गुप्तता, आणून उत्तर लिहावे. आपले मत दोन्हीकडे झुकते त्याचे कारण ही तिसरी बाजू टिपणात नाही, असे मला वाटते. अर्थात कोणी निवेदकाच्या शब्दांना अधिक वजन देऊन दैवाची बाजू मांडली तर ती चुकीची ठरत नाही. फक्त रोमिओचे उद्गार पुरावा म्हणून वापरताना तो कोणत्या क्षणी बोलतो आहे हे सांगावे लागेल.

तळघराच्या प्रवेशात हे सगळे एकत्र येते. रोमिओ ज्युलिएटकडे पाहून म्हणतो की मृत्यूला तुझ्या सौंदर्यावर अजून विजय मिळालेला नाही, ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे. त्याला जे दिसते ते अगदी खरे आहे. औषधाचा अंमल उतरत आला आहे आणि रक्त परत वाहू लागले आहे. तो पुरावा डोळ्यांनी पाहतो, उत्कृष्ट काव्यात त्याचे वर्णन करतो, आणि अर्थ चुकीचा लावतो. या ओळी वर्गात वाचताना कोणीतरी हमखास कळवळून ‘थांब’ म्हणते. प्रास्ताविकाने शेवट सांगून ठेवला होता तो याच क्षणासाठी.

राहिला फ्रायर लॉरेन्स. तो पहिल्यांदा येतो तेव्हा एकाच कोवळ्या फुलात विषही असते आणि औषधही, असे स्वगत बोलत असतो. त्याच्या पुढच्या सगळ्या कृत्यांना ते लागू पडते. दोन घराण्यांतला द्वेष प्रेमात बदलावा या हेतूने तो लग्न लावतो. हेतू शुद्ध आहे, मार्ग मात्र प्रत्येक वेळी गुप्ततेचा आहे. टिबाल्टच्या मृत्यूनंतर किंवा पॅरिसची सोयरीक ठरल्यावर तो सत्य सांगू शकला असता. शेवटी पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो ज्युलिएटला तळघरात एकटी सोडून जातो, हा त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो उत्तरात टाळू नये. मात्र सगळा दोष त्याच्या माथी मारण्याआधी शेवटच्या पानावर शेक्सपिअरने काय केले ते पाहावे. ब्रुकच्या कवितेत शिक्षा वाटून दिलेल्या आहेत: दाई हद्दपार होते, औषधविक्याला फाशी होते, फ्रायर उरलेले आयुष्य एकांतात काढायला निघून जातो. शेक्सपिअरचा राजपुत्र फ्रायरची लांबलचक कबुली ऐकून आम्ही तुला नेहमीच सज्जन मानत आलो, एवढेच म्हणतो. शिक्षा आपल्या सर्वांनाच झाली आहे असे सांगताना, दोन्ही घराण्यांकडे काणाडोळा केल्याचा दोष तो स्वतःकडेही घेतो. आणि काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा, असे सांगून नावे घेतच नाही. आपल्या उत्तरात फ्रायरवरचे आक्षेप सविस्तर मांडावेत, त्यांच्या शेजारी राजपुत्राची ही ओळ ठेवावी आणि ब्रुकने जी नावे घेतली ती शेक्सपिअरने का घेतली नसावीत, याचे उत्तर ‘कोणाला काय ठाऊक होते’ या यादीवरून द्यावे.